कार्डावर दिसणारे नाव आणि न दिसणारा क्रमांक

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत. चौदा वर्षांच्या संसारानंतर तीन वर्षांपूर्वी परस्परसंमतीने त्यांचा घटस्फोट झाला. बारा वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ असते. त्यांचे आधार कार्ड २०१२ मध्ये काढलेले असल्यामुळे त्यावर नावाच्या मध्यभागी पूर्वीच्या पतीचे नाव, शेवटी त्याचे आडनाव आणि पत्त्याच्या आरंभी ‘वाइफ ऑफ’ म्हणून पुन्हा त्याचेच नाव छापलेले आहे. भाड्याच्या नव्या घरात राहायला जाताना सोसायटीने आधारची झेरॉक्स मागितली आणि ती हातात घेऊन सचिवांनी चार लोकांसमोर ‘साहेब कधी येणार आहेत?’ असे विचारले. भाऊ म्हणतो, माहेरचे नाव लावून टाक आणि पत्त्यात बाबांचे नाव घाल. मुलगी विचारते, ‘मग तुझं आडनाव माझ्यापेक्षा वेगळं होणार?’ पत्रलेखिका लिहितात, “हे कार्ड म्हणजे माझी ओळख, आणि तीच आता खोटी झाली आहे असे वाटते. नाव बदलू का? वडिलांचे नाव घालू का? काहीच न बदलता तेच कार्ड दाखवत राहिले तर ती फसवणूक ठरेल का?” पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे : आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक पूर्वीच्या पतीचाच आहे, “पण त्यांनी आजवर काही त्रास दिलेला नाही.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे उत्तर मी शेवटाकडून सुरू करणार आहे, कारण तुम्ही ताज्या कलमात एका ओळीत उरकलेली गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. नावाचा निर्णय तुम्ही सहा महिन्यांनी घेतला तरी काही बिघडणार नाही. मोबाइल क्रमांक मात्र याच आठवड्यात बदलून घ्यावा.

आधारला जोडलेला क्रमांक कार्डावर ठळक दिसत नाही, त्यामुळे तो आपल्या मनातही येत नाही. तुमच्या नावाने पाठवलेला ओटीपी ज्या फोनवर जातो, त्या फोनच्या मालकाला तुमच्या बऱ्याच व्यवहारांचे दार उघडता येते. ई-आधार उतरवून घेणे, पत्ता बदलण्याचा ऑनलाइन अर्ज करणे, डिजिलॉकरमध्ये शिरणे, प्राप्तिकराचे विवरणपत्र पडताळणे, एखाद्या दस्तऐवजावर ई-स्वाक्षरी करणे, ही सगळी कामे त्या एका ओटीपीवर होतात. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो तुमच्या नावाची इंग्रजीतील पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो. चौदा वर्षे एका घरात राहिलेल्या माणसासाठी त्यात गुपित ते काय! तुमच्या पूर्वीच्या पतीबद्दल मी कोणतीही शंका घेत नाही. त्यांनी त्रास दिलेला नाही हे त्यांच्या बाजूने चांगलेच आहे. परंतु कोणाच्या तरी भलेपणावर चालणारी व्यवस्था आणि आपल्या हातातली व्यवस्था यांत फरक आहे, आणि घटस्फोटानंतर पहिलीकडून दुसरीकडे जाणे दोघांच्याही सोयीचे असते. एखाद्या दिवशी तुम्हाला तातडीने ओटीपी हवा असेल आणि त्यासाठी त्यांना फोन करावा लागेल, एवढे कारणही पुरेसे आहे.

आधार केंद्रावर जाऊन बोटांच्या ठशांनी ओळख पटवली की मोबाइल क्रमांक बदलता येतो. त्यासाठी थोडे शुल्क पडते, मात्र कोणतेही कागदपत्र लागत नाही आणि जुना क्रमांक ज्याच्याकडे आहे त्याची परवानगीही लागत नाही. मुलीच्या आधारला कोणाचा क्रमांक जोडला आहे तेही त्याच फेरीत पाहून घ्या. बँकेत नोंदवलेला क्रमांक ही स्वतंत्र नोंद असते. आधारचा बदलला म्हणून तो आपोआप बदलत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘हे कार्ड म्हणजे माझी ओळख’ असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य इतक्या वेळा आपल्या कानांवर पडते की त्याच्याकडे थांबून पाहायचे राहून जाते. आधारची व्यवस्था मुळात एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी उभी राहिली : समोर उभी असलेली व्यक्ती आणि नोंदीतील व्यक्ती एकच आहे काय? ती व्यक्ती कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, विवाहित की घटस्फोटित, हे विचारण्याचे तिला प्रयोजनच नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हापासून तो क्रमांक बारा अंकीच आहे आणि त्या अंकांत काहीही दडलेले नाही. जन्मतारीख नाही, राज्य नाही, लिंग नाही. शेवटचा अंक केवळ आधीचे अकरा बरोबर लिहिले गेले आहेत की नाही हे तपासण्यापुरता असतो. आधार कायदा २०१६ चा आहे आणि त्यात नोंदवायच्या माहितीतून वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न आणि वैद्यकीय इतिहास या गोष्टी स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात लिहिलेली असते; आधारमध्ये तो रकानाच नाही.

हा रकाना नसणे ही किती मोठी गोष्ट आहे ते बाहेरच्या उदाहरणांवरून कळते. आफ्रिकेतल्या रवांडात १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने दिलेल्या ओळखपत्रांवर माणूस हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन मुख्य समाजांपैकी कोणत्या समाजाचा, हे लिहिलेले असे. ती पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९९४ च्या नरसंहारात रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच कार्डे पाहून माणसे वेगळी काढली गेली. ग्रीसने २००० मध्ये आपल्या ओळखपत्रावरून धर्माचा उल्लेख काढला, तेव्हा तिथल्या चर्चने त्याला मोठा विरोध केला होता. तुमच्या दुःखाची तुलना मी या घटनांशी करत नाही. एवढेच दाखवायचे आहे की कार्डावर काय लिहावे आणि काय लिहू नये हा जगभर वादाचा विषय राहिला आहे, आणि ‘साहेब कधी येणार?’ हा प्रश्न ज्या ओळीवरून निघाला ती ओळ कार्डावर असलीच पाहिजे असे नाही.

कारण ती ओळ बंधनकारक नाहीच. पत्त्याच्या आरंभी येणारे नाव हे टपाल पोचवण्याच्या सोयीसाठी पत्त्याचा भाग म्हणून घेतले गेले. तुमच्या कार्डाच्या काळात तिथे ‘वाइफ ऑफ’ असे नाते छापत. आता अद्ययावत केलेल्या कार्डावर नाते न सांगता केवळ ‘केअर ऑफ’ येते, आणि प्रौढ व्यक्तीला ती जागा रिकामीही सोडता येते. म्हणजे भाऊ म्हणतो त्याप्रमाणे पतीचे नाव काढले की वडिलांचे घातलेच पाहिजे, ही निवड तुमच्यापुढे नाही. वडिलांचे नाव तुम्हाला आनंदाने घालायचे असेल तर अवश्य घाला. पण रिकामी जागा वाईट दिसते म्हणून घालू नका.

इथे थोडे विषयांतर करतो, तुमची इतर कागदपत्रे तुम्ही एकदा टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहा. पॅन कार्डावर लग्नानंतरही वडिलांचेच नाव राहते, प्राप्तिकर विभागाला तुमच्या पतीच्या नावाशी कधीच कर्तव्य नव्हते. मतदार ओळखपत्रावर बहुधा पतीचे नाव असेल. पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये बदल झाले. तेव्हापासून आईवडिलांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते आणि घटस्फोटितांना पूर्वीच्या जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती राहिली नाही. रेशन कार्डाबाबत तर २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री हीच कुटुंबप्रमुख असे सांगतो. एकाच स्त्रीला एक खाते मुलगी म्हणून ओळखते, दुसरे पत्नी म्हणून, तिसरे कुटुंबप्रमुख म्हणून. या सगळ्यांत खरी ओळख कोणती हे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. त्या त्या खात्याने आपापल्या गरजेपुरते विचारले, इतकाच त्याचा अर्थ. आधारच्या एका ओळीवरून स्वतःला खोटे ठरवण्याचे कारण मला त्यामुळेच पटत नाही.

फसवणुकीची भीतीही मनातून काढून टाका. विधिवत बदलेपर्यंत नोंदीतले नाव तुमचेच आहे आणि ते वापरणे हा गुन्हा होत नाही. घटस्फोटाने स्त्रीचे नाव आपोआप बदलत नाही, जसे लग्नानेही ते आपोआप बदलले नव्हते. आडनाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा आपल्याकडे दोन्ही वेळा नाही. मात्र तुमच्या परस्परसंमतीच्या अटींत किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यात पतीचे नाव वापरण्याविषयी काही लिहिले आहे का, हे वकिलाकडून एकदा वाचून घ्या. तशी अट असेल तर निर्णय तिथेच होतो आणि पुढचा विचार करण्याची गरज उरत नाही.

अट नसेल तर नाव बदलावे का? तुमच्या पत्रात दोनच पर्याय आहेत, सासरचे पूर्ण नाव किंवा माहेरचे पूर्ण नाव. आपल्या मराठी पद्धतीत स्त्रीच्या नावाचे तीन भाग असतात आणि तुम्हाला खुपतो आहे तो मला तरी मधला भाग दिसतो. आडनावाबद्दल तुमच्या पत्रात तक्रार आढळली नाही; उलट मुलीच्या प्रश्नाने तुम्ही अस्वस्थ झालात. तसे असेल तर मधले नाव काढून स्वतःचे नाव आणि आडनाव एवढेच ठेवण्याचा, किंवा मध्ये आईचे नाव घेण्याचा मार्गही आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. तो नियम तुम्हाला किंवा तुमच्या मुलीला लागू नाही, पण मधली जागा केवळ पुरुषांच्या नावासाठी राखलेली आहे ही समजूत शासनानेच सैल केली आहे, एवढे लक्षात असू द्या. दुसरीकडे, तुमचे शालेय आणि पदवीचे दाखले माहेरच्या नावाचे असतील आणि पुढे नोकरी बदलण्याचा वा परदेशी जाण्याचा विचार असेल, तर माहेरच्या नावाकडे परत जाण्यात व्यवहाराची मोठी सोय आहे, हे भावाच्या बाजूने मान्य करायला हवे.

घाई करू नका असे मी म्हणतो त्याचे एक रोकडे कारण आहे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख आणि लिंग यांची नोंद एकेकदा. पत्त्याला मात्र अशी मर्यादा नाही. भाऊ म्हणाला म्हणून आज एक नाव आणि वर्षभराने मन बदलले म्हणून दुसरे, असे झाले तर दोन्ही संधी संपतील. म्हणून नव्या नावाने निदान काही महिने सही करून पाहा, घराच्या दारावर पाटी लावून पाहा, फोनवर ते नाव सांगून पाहा. तेवढ्यात जीभ अडखळते की नाही ते कळेल.

बदलायचे ठरलेच, तर क्रम महत्त्वाचा. आधी राज्याच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी; तिचा अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक, भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि पासपोर्ट. घटस्फोटाचा हुकूमनामाही आधारमध्ये नावबदलासाठी पुरावा म्हणून चालतो, परंतु मी राजपत्राला पहिला मान देतो, कारण हुकूमनाम्याची प्रत प्रत्येक खिडकीवर द्यावी लागली की आपल्या संसाराची कहाणी प्रत्येक खिडकीवर वाचली जाते. राजपत्रात जुने नाव आणि नवे नाव असे दोनच तपशील पुरतात. आधार आणि पॅन यांतले नाव अक्षराअक्षराने जुळेल याकडे लक्ष द्या. एका इंग्रजी अक्षराच्या फरकाने जोडणी अडकल्याची पत्रे या सदराकडे वारंवार येतात. आणि पॅनवर वडिलांचे नाव कसे लिहिले आहे तेही तपासा, लोक तिथे हमखास चुकतात.

पत्ता तर कोणत्याही परिस्थितीत बदलावा लागेल, आणि नोंदणीकृत भाडेकरार त्यासाठी चालतो. त्याच अर्जात ‘केअर ऑफ’ची जागा रिकामी सोडा, म्हणजे नाव बदलण्याचा निर्णय होण्याआधीच ती ओळ कार्डावरून निघून जाईल. मुलीच्या पत्त्यासाठी २०२३ पासून एक सोय झाली आहे : जिच्याशी नाते सिद्ध होते अशी, अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून संमती देऊ शकते आणि त्या व्यक्तीच्या पत्त्यावर दुसऱ्याचा पत्ता नोंदवता येतो. तुमचा स्वतःचा पत्ता आधी बदलला, की मुलीसाठी कुटुंबप्रमुख तुम्ही. मुलगी पंधरा वर्षांची होईल तेव्हा तिचे बोटांचे ठसे, बुबुळे आणि छायाचित्र पुन्हा नोंदवावे लागेल, तेही आताच दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

राहिला सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न. अशा प्रसंगाचे पत्र हे पहिले नाही, म्हणून इतर वाचकांनीही हे वाचावे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे ही घरमालकाची जबाबदारी असते आणि त्यासाठी ओळखीचा पुरावा मागणे गैर नाही. गैर आहे ते असे गृहीत धरणे की तो पुरावा आधारच असला पाहिजे, पूर्ण क्रमांकासह असला पाहिजे आणि त्याची झेरॉक्स कार्यालयातल्या उघड्या फायलीत पडून राहिली तरी हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना बहुमताने ग्राह्य धरताना खाजगी संस्थांना आधारची मागणी करण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने आधार स्वेच्छेने दाखवण्याचा मार्ग ठेवला, पण ते दाखवले नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही. तुम्ही वाहन चालवण्याचा परवाना देऊ शकता. आधारच द्यायचे असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार, आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून उतरवून द्या आणि प्रतीवर ‘अमुक सदनिकेच्या भाडेकरारासाठी’ असे लिहून तारीख घाला. जुन्या झेरॉक्सच्या जागी ही प्रत ठेवावी आणि जुनी परत करावी, असे सचिवांना एका ओळीच्या पत्राने कळवा. संतापाने लिहू नका. बहुतेक सोसायट्यांत ही माणसे दुष्ट नसतात, आधीच्या सचिवांनी जे मागितले तेच मागत असतात.

झेरॉक्सच्या बाबतीत सरकारी सूचनांतही एकवाक्यता राहिलेली नाही, हे सांगितले पाहिजे. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू येथील कार्यालयाने आधारच्या प्रती कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा असे पत्रक काढले. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेऊन नेहमीची सावधगिरी बाळगा असे सांगण्यात आले. नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, ते ज्याने त्याने ठरवायचे! केवळ क्रमांक किंवा झेरॉक्स हाती आली म्हणून कोणी तुमच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही, त्यासाठी ठसा किंवा ओटीपी लागतो. झेरॉक्सच्या आधारे दुसऱ्याच्या नावावर सिम कार्ड घेण्याचे प्रकार मात्र झालेले आहेत. क्रमांक स्वतःच्या हातात आल्यावर एका संध्याकाळी एवढे करा : संकेतस्थळावर तुमच्या आधारची पडताळणी गेल्या सहा महिन्यांत कुठे झाली ती यादी पाहा, ठसे आणि बुबुळे ‘लॉक’ करून ठेवा (जिथे ठसा द्यावा लागतो तिथे तात्पुरते उघडता येतात), आणि ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते तपासा. अनोळखी काही दिसले तर १९४७ ही आधारची मदतवाहिनी आहे. पूर्वीच्या पतीकडे तुमच्या जुन्या कार्डाच्या प्रती असतील, ही हुरहुर त्यानंतर पुष्कळ कमी होईल.

शेवटी मुलीचा प्रश्न. तिला कदाचित आडनावापेक्षा वेगळेच काहीतरी विचारायचे असेल. ते तुम्ही ओळखालच. पण शब्दशः उत्तर हवे असेल, तर तिला तिचा जन्मदाखला काढून दाखवा. आई आणि मुलगी हे नाते सांगणे हे आधारचे काम नाही. ते जन्मदाखल्यावर असते, आणि तिथे आईच्या रकान्यात तुमचे नाव तिच्या जन्मापासून आहे. तुम्ही पुढे नाव बदलले तरी त्या दाखल्यात बदल करण्याची गरज नाही. मात्र पासपोर्टच्या वेळी किंवा दोघींच्या प्रवासात आडनावे वेगळी दिसली तर विचारणा होऊ शकते, म्हणून राजपत्राची प्रत आणि तिचा जन्मदाखला एकाच पाकिटात ठेवा, आणि त्या पाकिटाची जागा तिलाही सांगून ठेवा.